औषध लागू पडले, हे कसे ओळखावे?

दोन प्रसंग डोळ्यांपुढे आणा.

पहिला प्रसंग पेण तालुक्यातल्या एखाद्या वाडीतला. भातकापणी आटोपली आहे. दिवेलागणीनंतर दहा वर्षांचा मुलगा गुरांसाठी उडवीतून पेंढा ओढायला जातो आणि त्याच्या बोटाला काहीतरी कडाडून झोंबते. विजेरीच्या उजेडात दिसतो तो तांबूस रंगाचा, बोटाएवढा विंचू. दुसरा प्रसंग रोहा तालुक्यातला. कोलाडजवळ महामार्गावर पहिल्या पावसात एक मोटारसायकल घसरते. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नसते. त्याचे डोके रस्त्यावर आपटते आणि तो बेशुद्ध होतो.

दोघांनाही दवाखान्यात आणले. दोघांचाही जीव धोक्यात आहे. डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न येतो तो असा : याला कोणते औषध द्यावे? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात मिळते. पण त्या पुस्तकात ते आले कोठून? अमुक औषधाने रोगी वाचतो, हे कोणी, कधी आणि कशावरून ठरवले? या लेखात आपण या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. त्याच्या उत्तराचा एक भाग परदेशात नव्हे, तर आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला सापडला आहे.

बिरवाडीचे डॉक्टर

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या वेळी आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. डॉक्टरांचे बालपण जालना भागातल्या खेड्यात गेले होते आणि वैद्यकीचे शिक्षण नागपूरला झाले होते. कोकणात आल्यावर त्यांना दिसले, की विंचू चावल्याने येथे माणसे मरतात. त्यातही मुले अधिक. पुस्तकांत या विषयावर फारसे काही नव्हते. त्या काळी विंचवाच्या विषावर उतारा म्हणून देण्याचे प्रतिविषही उपलब्ध नव्हते.

मग त्यांनी काय केले? जे कोणालाही करता येईल, पण फार थोडे लोक करतात, ते केले. ते रोग्याच्या उशाशी बसले आणि दिसेल ते लिहून ठेवू लागले. नाडी किती, श्वास किती, रक्तदाब किती, घाम आहे का, उलटी झाली का, हातपाय गार आहेत की गरम. एका रोग्याची अशी वही म्हणजे एक हकिकत. पण अनेक रोग्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, की त्यांतून एक क्रम दिसू लागतो.

पहिली गोष्ट दिसली ती जरा उलटीच. चावल्या जागी भयंकर कळा येतात आणि रोगी आरडाओरडा करतो, पण बाकी काही होत नाही. असा रोगी बहुधा वाचतो. याउलट ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते आणि हातपाय गार पडू लागतात, त्याची प्रकृती काही तासांत फार बिघडू शकते. म्हणजे घरच्यांना घाबरवतात त्या कळा. डॉक्टरांनी घाबरायचे ते गार हातांना! येऊ घातलेल्या संकटाच्या या खुणांवरचा डॉ. बावस्कर यांचा लेख १९८२ साली 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

विष करते तरी काय?

आपल्या चेतातंतूंच्या पटलावर सोडियमच्या आयनांसाठी अतिसूक्ष्म दारे असतात. दार उघडले, की संदेश पुढे जातो. दार मिटले, की तो थांबतो. लाल विंचवाचे विष ही दारे नीट मिटूच देत नाही. त्यामुळे चेतातंतू पुन्हा पुन्हा संदेश सोडत राहतात. शरीरात जणू वादळ उठते. ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन ही द्रव्ये रक्तात लोटली जातात.

ही द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील 'अल्फा' नावाच्या ग्राहकांना चिकटतात आणि वाहिन्या आकसतात. बागेला पाणी देताना पंपाची नळी चिमटीत दाबून धरा. नळीतला दाब वाढतो आणि पंपावर ताण येतो. येथे पंप म्हणजे हृदय. हातापायांकडे रक्त कमी जाते, म्हणून ते गार पडतात. रक्तदाब चढतो. थकलेले हृदय समोरच्या दाबाविरुद्ध पुरेसे रक्त ढकलू शकत नाही, तेव्हा ते मागे, म्हणजे फुप्फुसांत तुंबते. फुप्फुसांच्या वायुकोशांत पाणी झिरपते. रोग्याला धाप लागते, तोंडावाटे गुलाबी फेस येतो. कोरड्या जमिनीवर माणूस बुडू लागतो, असे म्हटले तरी चालेल.

रोगाचे कारण असे उलगडले, की उपायाची दिशा सुचते. चिमटीत दाबलेली नळी सोडवली पाहिजे! डॉ. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरले. ते शिरेतून थेंब थेंब द्यावे लागते. काही मिनिटांत वाहिन्या सैल होतात. पण थेंब जरा जास्त गेले, तर रक्तदाब धाडकन खाली येतो. उजेडाने हे औषध खराब होते, म्हणून बाटली झाकून ठेवावी लागते. रोग्याजवळ बसून सतत रक्तदाब मोजणारा माणूस पाहिजे तो वेगळाच. खेड्यातल्या दवाखान्यात हे दर वेळी कसे जमणार?

त्यांचे लक्ष गेले प्राझोसिन या गोळीकडे. ती उच्च रक्तदाबासाठी वापरात होतीच. अल्फा ग्राहकांची जागा अडवणे, हेच तिचे काम. म्हणजे विषाने उठवलेल्या वादळाचा नेमका तोच वार ती चुकवते. गोळी स्वस्त, तोंडाने घेता येणारी, तालुक्याच्या गावी मिळणारी. १९८६ साली डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याने या औषधाचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये मांडला. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार प्राझोसिन येण्यापूर्वी गंभीर विंचूदंशाच्या शंभर रोग्यांपैकी पंचवीस ते तीस दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले.

तक्ता का ठेवायचा?

औषध दिले म्हणजे काम संपले, असे नाही. खरे काम तेथून सुरू होते. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून मुलाला आडवेच ठेवतात. लाडाने उचलून कडेवर घेणेही धोक्याचे ठरू शकते. ठराविक वेळाने नाडी, श्वास व रक्तदाब मोजून तक्त्यावर मांडतात.

आता एक कोडे सोडवा. गार पडलेले हात पुन्हा गरम झाले. ही चांगली खूण की वाईट? तुम्ही म्हणाल, चांगली. पुष्कळदा ते खरे आहे. वाहिन्या सैल झाल्या आणि रक्त फिरू लागले. पण डॉ. बावस्करांनी विंचूदंशाच्या चार पायऱ्या केल्या आहेत आणि त्यांतल्या शेवटच्या, सर्वांत गंभीर पायरीवरही हात गरमच असतात! तेथे वाहिन्या सैल पडलेल्या असतात, नाडी जलद चालते आणि रक्तदाब फार खाली गेलेला असतो. मग ओळखायचे कसे? हाताबरोबर रक्तदाब व नाडीही पाहून. एकटी खूण फसवते; तीन-चार खुणा एकत्र आणि वेळोवेळी पाहिल्या, तर सहसा फसवत नाहीत. तक्ता ठेवायचा तो यासाठी.

आता कोलाडच्या रोग्याकडे वळू. कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी. आत रक्तस्राव झाला किंवा मेंदूला सूज आली, तर पेटी फुगत नाही. आतला दाब वाढतो आणि मेंदू चेपला जातो. हा दाब बाहेरून दिसत नाही. मग तो वाढतो आहे, हे कळावे कसे?

१९७४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीझडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी एक साधी मोजपट्टी सुचवली. रोगी डोळे केव्हा उघडतो, याला १ ते ४ गुण. कसे बोलतो, याला १ ते ५ गुण. सांगितल्यावर किंवा टोचल्यावर हातपाय कसे हलवतो, याला १ ते ६ गुण. बेरीज कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आपण सारे या घटकेला १५ गुणांचे धनी आहोत! पूर्वी एक डॉक्टर म्हणे 'रोगी गुंगीत आहे', दुसरा म्हणे 'अर्धवट शुद्धीत आहे'. दोघांना एकच म्हणायचे आहे की वेगवेगळे, ते कळत नसे. आकडा आल्यावर पेणच्या डॉक्टरांनी पाहिलेला रोगी मुंबईच्या डॉक्टरांना फोनवर समजू लागला. नुसत्या एका आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. सकाळी १४ असलेला रोगी दुपारी ११ वर आला, तर मेंदूत काहीतरी बिघडते आहे, असे समजून धावपळ करावी लागते.

डोळ्यांना न दिसलेला फरक

मेंदूला सूज येते, हे माहीत होते. स्टेरॉइड औषधांनी मेंदूतील गाठीभोवतीची सूज उतरते, हेही माहीत होते. तेव्हा डोक्याला मार लागलेल्यांनाही स्टेरॉइड द्यावे, हा विचार किती सरळ वाटतो! अनेक देशांतले डॉक्टर कित्येक वर्षे तसे करीतही होते. काही रोगी बरे होत, काही दगावत. बरा झाला तो औषधाने, गेला तो माराने, असे समजले जाई.

शेवटी १९९९ साली एक प्रचंड चाचणी सुरू झाली. तिचे नाव 'क्रॅश'. अनेक देशांतल्या रुग्णालयांत डोक्याला मार लागलेल्या १०,००८ प्रौढ रोग्यांची नोंद झाली. कोणाला स्टेरॉइड द्यायचे आणि कोणाला त्याच्यासारखेच दिसणारे निरुपद्रवी द्रावण, हे डॉक्टर ठरवीत नसत. ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरे. खरे तर वीस हजार रोगी घ्यायचे होते. पण २००४ साली चाचणी मध्येच थांबवावी लागली. दोन आठवड्यांतले मृत्यू असे होते : स्टेरॉइड दिलेल्या ४,९८५ पैकी १,०५२, म्हणजे २१.१ टक्के, न दिलेल्या ४,९७९ पैकी ८९३, म्हणजे १७.९ टक्के. ज्या औषधाने जीव वाचतात असे वाटत होते, त्याने शंभरामागे तीन माणसे अधिक मरत होती!

हे इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात का आले नाही? डॉक्टर निष्काळजी होते म्हणून नव्हे. शंभरात अठरा आणि शंभरात एकवीस यांतला फरक एका माणसाला, एका रुग्णालयात, नुसत्या डोळ्यांनी दिसूच शकत नाही. शंभरात तीस आणि शंभरात एक हा फरक मात्र खेड्यातल्या दवाखान्यातही दिसतो. डोंगर पाहायला दुर्बीण लागत नाही. गुरूचे उपग्रह पाहायला लागते. चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी ही वैद्यकाची दुर्बीण होय.

चिठ्ठीच का? डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले, तर ते नकळत जास्त गंभीर रोग्याला नवे औषध देतील, किंवा उलट करतील. मग दोन गट सारखे राहणार नाहीत. चिठ्ठीला दयामाया नाही, म्हणून ती निःपक्षपाती. पूर्वीचे आणि आताचे रोगी ताडून पाहण्यातही अशीच अडचण असते. मधल्या काळात रस्ते सुधारले, लोक मांत्रिकाकडे न थांबता लवकर येऊ लागले, तर त्याचेही श्रेय औषधालाच मिळते.

पुन्हा महाड

पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे विंचवाचे प्रतिविष मिळू लागले. मग नवा प्रश्न आला : प्राझोसिनबरोबर प्रतिविषही दिले, तर अधिक लाभ होतो का? बावस्कर दांपत्याने या वेळी महाडच्या आपल्या रुग्णालयात यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या पद्धतीची, चाचणी घेतली. तिचा वृत्तान्त २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. घाम, लाळ, गार हातपाय अशी लक्षणे असलेले, म्हणजे दुसऱ्या पायरीवरचे, ७० रोगी घेतले. ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. ३५ जणांना नुसते प्राझोसिन. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. उपयोगी ठरलेले औषध कोणालाही नाकारले नाही. ते दोन्ही गटांना मिळाले. ज्याविषयी शंका होती, तेवढ्याचाच निवाडा चिठ्ठीवर सोडला. रोग्याची परीक्षा पाहताना हा नियम मोडता येत नाही.

दहा तासांत लक्षणे पूर्ण गेली असे रोगी पहिल्या गटात ३५ पैकी ३२ निघाले. दुसऱ्या गटात ३५ पैकी ८. पण प्रकृती आणखी बिघडून वरच्या पायरीवर गेलेले रोगी पहिल्या गटात ४ व दुसऱ्यात ५ होते. म्हणजे प्रतिविषाने रोगी लवकर बरा होतो, हे दिसले. बिघाड टळतो का, हे या चाचणीने दाखवले नाही. आणखी एक मर्यादा : कोणाला काय दिले, हे या चाचणीत डॉक्टरांना व रोग्यांना माहीत होते. चांगला संशोधक आपल्या कामाच्या मर्यादाही सांगतो.

डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री किताब जाहीर झाला.

करून पहा

३२ आणि ८ हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असेल का? आपल्या घरच्या वालाने हे तपासता येईल. सारख्या आकाराचे ७० वाल घ्या. चाचणीत एकंदर ४० रोगी (३२ + ८) दहा तासांत बरे झाले, म्हणून ४० वालांवर शाईचा ठिपका द्या. शाई वाळू द्या, म्हणजे हाताला फरक लागणार नाही. सारे पिशवीत घालून हलवा आणि न पाहता ३५ वाल काढा. ठिपक्यांचे किती आले? आकडा लिहा. वाल परत टाका, पुन्हा काढा. वर्गातल्या प्रत्येकाने दहा खेपा केल्या, की शेकडो आकडे जमतील.

प्रतिविषाचा काहीच उपयोग नसता, तर चाचणीची वाटणी या पिशवीसारखीच झाली असती. तुमचे आकडे २० च्या आसपास, बहुतेक १६ ते २४ यांच्या दरम्यान येतील. ३२ येण्याची वाट पाहू नका, शाळा सुटेल! आता दुसरी पिशवी करा. प्रकृती बिघडलेले एकंदर ९ (४ + ५), म्हणून ७० पैकी फक्त ९ वालांना ठिपका. ३५ काढल्यावर ४ किंवा ५ ठिपके दर दोन खेपांत साधारण एकदा येतील. म्हणजे हा फरक योगायोगाने सहज पडू शकतो. आकडे वाचण्याची सारी विद्या या दोन पिशव्यांत आहे.

ध्यानात ठेवा

विंचू चावल्यास जखम कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. उलटी, घाम, लाळ, गार हातपाय यांपैकी काहीही दिसले, तर लागलीच दवाखाना गाठा. मूल असेल, तर लक्षणांची वाट न पाहता न्या. प्राझोसिन हे नाव तुम्हाला आता कळले आहे. पण ते डॉक्टरांनीच, रक्तदाब पाहून द्यायचे औषध आहे. डोक्याला मार लागलेला माणूस बोलता-बोलता पेंगू लागला, पुन्हा पुन्हा ओकू लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर त्याला 'झोपू द्या' म्हणू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. कोणत्या वेळी काय दिसले, ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. तो कागद म्हणजे रोग्याच्या तक्त्याची पहिली ओळ, आणि ती तुम्ही लिहिलेली असेल.

विचार करा

१. विंचू चावलेल्या रोग्याचे हात गरम आहेत. तो बरा होत आहे असे म्हणण्यापूर्वी आणखी काय मोजाल?

२. 'माझ्या आजोबांनी ही मुळी शंभर जणांना दिली, नव्वद बरे झाले,' असे कोणी सांगितले. मुळीचा गुण मान्य करण्यापूर्वी तुम्ही त्यांना कोणता प्रश्न विचाराल?

३. 'क्रॅश' चाचणीत फक्त शंभर रोगी घेतले असते, तर निकाल कळला असता का? पिशवी आणि वाल वापरून उत्तर शोधा.